कोयनानगरची सही

दहा दिवस होते. दहा दिवसांत तिची सही मिळाली नाही, तर आमचा क्लास लायब्ररीतून बाहेर.

क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलीत, एकच काम नीट करणारा आणि उचलून कुठंही बसवता येणारा तुकडा. आमचा तुकडा मजकूर छापायचा. मराठी ओळ कागदाच्या कडेला आली की अक्षराची मोडतोड न करता खाली न्यायची, रकाने सरळ ठेवायचे, पानांवर आकडे टाकायचे. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षी मी आणि माझी एक वर्गमैत्रीण, आम्ही दोघांनी तो लिहिला. तेव्हाच्या प्रिंटरांना मराठीचं सोयरसुतक नव्हतं. पहिली वेलांटी या ओळीला आणि तिचं अक्षर खालच्या, असला संसार चालायचा.

कॉलेज संपलं. ती तासगावची, द्राक्षबागायतदारांची लेक. लग्न होऊन कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत गेली. मी साताऱ्याला घरी परतलो आणि एका छोट्या कंपनीत चिकटलो. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा मी आमचा क्लास परदेशातल्या एका गृहस्थांना पाठवला. ते असल्या तुकड्यांची फुकट लायब्ररी चालवत. त्यांनी तो घेतला. फाइलच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून एकच नाव होतं, माझं.

का, ते सांगतो. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. ती आता कुठं प्रोग्राम लिहिणार, अशी मनाची समजूत घातली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

दोनेक वर्षांनी त्या गृहस्थांची मेल आली. लायब्ररीचा परवाना बदलायचा होता. आम्ही कॉलेजच्या तोऱ्यात ‘फक्त शिकण्यासाठी, धंद्यासाठी नाही’ अशी अट घातली होती. ती काढून कुणालाही कशातही वापरू द्यायचं. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी ओळी लिहिल्या त्या प्रत्येकाची सही दहा दिवसांत हवी. काही ओळी दुसऱ्या कुणाच्या आहेत, एवढं मी मोघम कळवून बसलो. शिवाय प्रत्येक फंक्शन, म्हणजे क्लासमधला एकेक कामाचा भाग, काय करतं आणि तसंच का करतं, याची माहितीही लिहून हवी. पुण्याच्या एका कंपनीनं मला या क्लासच्या जोरावरच मुलाखतीला बोलावलं होतं. क्लास गेला की माझ्याकडे दाखवायला काही उरत नव्हतं.

माहिती लिहायला बसलो आणि तिसऱ्या दिवशी अडलो. ओळ मोडणारं फंक्शन तिच्या हातचं होतं. ते ओळीच्या शेवटापासून उलटं चालत मागं येत होतं. का, ते मला कळेना. सरळ चालवून बघितलं तर छपाईचा पार बट्ट्याबोळ. आपल्या नावावरच्या गोष्टीचं कारण आपल्याला सांगता येत नाही, याची मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला, तोही तिचाच.

मग निघालो. साताऱ्याहून कुणाकडं जायचं म्हणजे कंदी पेढे घ्यायचे, तसे घेतले. सगळ्या प्रोग्रामची छापील प्रत घेतली आणि संमतीचा कागद टाइप करून घेतला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुलीसुद्धा मारून ठेवली. प्रतीचं पहिलं पान मात्र काढून पिशवीच्या तळाशी सरकवलं. पाटण मागं पडलं, एसटी वळणं घेऊ लागली. सही झाल्यावर सांगू, असं मी स्वतःला दहा वेळा बजावलं. चोराच्या मनात चांदणं.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. मागून ती आली, मला बघून क्षणभर थबकली आणि पटकन म्हणाली, “आत्याबाई, ह्ये माझं कॉलेजातलं भाऊ. साताऱ्यास्नं आलेत.”

“आवं, मग दारात का हुबं? या की. च्या टाकते,” म्हणत सासूबाई आत गेल्या.

मी तिला फंक्शनबद्दल विचारलं. ती प्रतीवर वाकली आणि बघता बघता कॉलेजातली झाली. “अरं, सोपं हाय. पुढनं चाललास की पहिली वेलांटी सुटी दिसती, तिचं अक्षर अजून यायचं असतंय. शेवटापास्नं मागं आलास की कळतंय, कुठलं अक्षर पुरं झालंय. पुरं झालंय तिथंच मोडायचं.” तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि समासात चार ओळीत सगळं लिहून टाकलं. मी तीन दिवस डोकं फोडून घेतलं होतं. तिला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी संमतीचा कागद पुढं केला. “एवढी एक सही दे. नुसती फॉर्म्यालिटी आहे.”

तिनं कागद वाचला, सावकाश. मग ती पुन्हा प्रतीकडं वळली आणि पानं मागं-पुढं चाळू लागली.

“ह्ये दोनपास्नं का सुरू होतंय?”

पानांवर आकडे टाकायचं काम आमच्याच क्लासचं. त्यानं ते चोख केलं होतं. माझी पाचावर धारण बसली. राहिलं असेल घरी, असं ओठावर आलं होतं, पण तिनं हात पुढं धरलेला होता. मी पिशवीत हात घालून ते पान काढलं आणि दिलं.

ती एकच ओळ किती वेळ वाचत होती कोण जाणे. आत कपबशा वाजल्या. सासूबाईंचा चहा झाला होता की जमीन हलली होती, ते कळलं नाही. त्या वसाहतीत भूकंपाचे बारीक धक्के नेहमीचेच, त्यांना कुणी उठतही नाही.

“दोन महिन्यांखाली तासगावला गेल्ते,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “आबा गेल्यावर बाग भावांच्या नावावं करायची हुती. हक्कसोडावं सही पायजे म्हनून बोलावलं. भाऊ म्हनले, फॉर्म्यालिटी हाय. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारल्याली. सही झाली, वहिनीनं वटी भरली, हिरवी साडी दिली. येताना भावानं एसटीत बशीवलं. लय मायेनं बशीवलं.” तिनं पेढ्यांच्या खोक्याकडं बघितलं. “त्यांनी साडी आनली हुती, तू पेढं आनलंस.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय जमीन लाटायला आलो होतो? मी तावातावानं सांगायला लागलो की हा कागद तसा नाही, यात सही करूनही लिहिलेलं तुझंच राहतं, लोकांना फक्त वापरायला मिळतं. हे खरं होतं. पण ते पहिलं पान तिच्या मांडीवर होतं आणि माझं मलाच ऐकवेना.

ती म्हणाली, “एक इचारू? ह्याला न्हाई म्हनता येतं?”

“येतं.”

“म्हटलं तर काय हुतं?”

“क्लास काढून टाकतील.”

“मला कोन बोलंल?”

“कुणी नाही.”

“मग न्हाई.”

चहा आला. आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. सासूबाईंना ते फार आवडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याच्या सायबर कॅफेत मी मेल उघडली आणि लिहिलं, ‘आम्हा दोघांचीही संमती आहे.’ तिची सही मीच ठोकून पाठवली असती तरी परदेशात बसलेल्या माणसाला काय कळणार होतं? कोयनानगरला कोण सांगायला जाणार होतं? वीस मिनिटं मी ते वाक्य बघत बसलो. मला पुण्याची नोकरी हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. आणि तिच्या ‘मग न्हाई’चा राग ओसरत नव्हता. भावांवरचं उट्टं माझ्यावर काढते काय, हेच डोक्यात घोळत होतं.

पण भावांनीही असंच म्हटलं असणार, की तिला काय कळणार आहे.

मी वाक्य खोडलं. लिहिलं की या क्लासचे लेखक दोन आहेत, अवघड भाग तिचा आहे, तिचं नाव मी घातलं नव्हतं आणि तिची संमती नाही. तिचं पूर्ण नाव लिहिलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. क्लास काढतो आहोत, कळवल्याबद्दल आभार. पुण्याच्या मुलाखतीत दाखवायला काही नव्हतं, त्यामुळे ती नोकरीही हुकली. मी तिला पत्रानं कळवलं, अगदी कोरडं. क्लास काढला. तुझं नाव कळवलं होतं.

महिनाभरानं ऑफिसात फोन आला. ती बूथवरून बोलत होती.

“खरंच काढला?”

“खरंच.”

“माझ्या न्हाईपायी?”

“तुझ्याच.”

मागं एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “आता धाड कागद. सही करते.”

मी ओरडलोच. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. “आता? आता काय उपयोग? नवी आवृत्ती बाहेर पडली. त्यात दुसऱ्या कुणाचा तरी क्लास घातलाय त्यांनी. हे तेव्हाच म्हणाली असतीस तर?”

“तवा कसं म्हनू?” ती म्हणाली. “तवा मला न्हाई म्हनून बघायचं हुतं. आमच्यात आजवर कुनी ऐकलंच न्हाई ते.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी म्हटलं, पाठवतो. नवा कागद टाइप केला. लेखकांत तिचं नाव आधी, माझं नंतर. तो कुणालाच नको होता. आठ दिवसांत सही होऊन परत आला.