पौषातली सावड

इनुसभाईंचा टेम्पो कासुर्डीच्या शिवारात शिरायचा तो एखाद्या राजाच्या थाटात. दर्शनी भागाला हिरवा रंग, काचेवर चमकीची झालर आणि हॉर्न असा, की रस्त्यात पसरलेली कुत्री मुकाट्यानं उठून वाट द्यायची. पहाटे फुलांच्या पाट्या उचलायच्या आणि सौदे सुरू व्हायच्या आत पुण्याला गुलटेकडीला पोचवायच्या, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत, मन मात्र त्यांच्या पाट्यांवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखं.

एक गोष्ट त्यांना फार खुपायची. फूल माणसाला सुट्टी देत नाही. गुलछडीची कळी आज तोडली नाही, तर उद्या उमलून वाया जाते. म्हणून गावातल्या बाया माहेरी गेल्या तरी दिवस मावळायच्या आत परत. सिंधूबाई तर लग्न होऊन आल्यापासून एक रात्र बाहेर राहिली नव्हती. एकदा पाटी टेम्पोत चढवताना ती हसत म्हणाली, "इनुसभाऊ, माझी फुलं रोज पुण्याला जात्यात. मीच तेवढी हितं."

ती हसली, पण इनुसभाईंना हसू आलं नाही.

त्यांचा मावसभाऊ अलीम, मूळचा दौंडचा, मद्रासहून अंदमानला जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होता. बोट मद्रासला लागली की तो यवतच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. गावातल्या बायांना अंदमानचा समुद्र दाखवायचा तर कधी, असा दोघांचा खल सुरू झाला. दिवाळीच्या सुमारास त्या समुद्रात वादळं. नाताळात अशी गर्दी, की खोली मिळायची मारामार. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या, अंगाची काहिली आणि पाठोपाठ पाऊस.

"संक्रांत झाली की पाठव," अलीम म्हणाला. "पानी निस्तं काचेवानी. आन् किनाऱ्यावर मानूस हुडकावं लागतं."

इनुसभाईंनी मांडीवर थाप मारली. संक्रांतीनंतर पौष! पौषात लग्नं नाहीत, म्हणून फुलाला भाव नाही. थंडीनं फुलांचा तोडाही कमी. आणि माघी गणपतीला बाजार चढायच्या आत माणसं घरी.

मारुतीच्या पारावर त्यांनी बेत मांडला, तसे म्हातारे सोपानराव उसळले. "आरं, पौषात आमी नवं खुरपं आनत न्हाई, आन् तू बायाबापड्या समुद्रावर नेतो?"

"आबा, पौषात लगीन लावत न्हाईत. हितं कुनाचं लगीन हाय? का जालिंदरअण्णांचं पुन्यांदा लावायचंय?"

पार खदखदला. सिंधूबाईचा नवरा जालिंदर सगळ्यात मोठ्यानं हसला.

"मग तोडा कोन करनार? तुझा टेम्पो?" सोपानराव हटेनात.

"सावड करू," इनुसभाई म्हणाले.

आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या, ही सावड खुरपणीला सगळेच करायचे. इनुसभाईंनी ती थेट समुद्रापर्यंत नेली. निम्म्या घरांनी यंदा जायचं, उरलेल्यांनी त्यांची फुलं तोडायची. पुढच्या पौषात उलट. पारावर सगळे एकदमच बोलू लागले. दोन हजार दोनचा पौष ठरला. इनुसभाई स्वतः कधी जाणार, हे कुणी विचारलं नाही. फुलं पुण्याला कोण नेणार होतं?

आणि ऐन संक्रांतीला घोटाळा झाला. सिंधूबाईचं रान सांभाळणार होती शेजारची पार्वतीबाई. वाण घेऊन येताना ती बांधावरून घसरली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. सिंधूबाईनं भरलेली पिशवी उलटी केली आणि लुगडी पुन्हा ट्रंकेत घालायला लागली.

"वहिनी, पिशवी भरा," दारातून आवाज आला. "तोडा मी करतो."

"तुमी पाट्या उचलता भाऊ, कळ्या न्हाई."

"मावशींचा हात मोडलाय, तोंड न्हाई. त्या बांधावर बसून शिकवतील."

पार्वतीबाईनं खरोखरच शिकवलं. मंडळी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी फटफटताच तिची वाणी सुरू. "आरं, दांडा कशाला मोडतो? कळी तोड, कळी! हितं काय ऊस तोडाया आलास?"

"मावशी, हळू. कळ्या भिऊन उमलतील."

पहिल्या दिवशी टेम्पो बाजारात उशिरा पोचला, आडत्यानं चारचौघांत टोमणा मारला. इनुसभाईंनी तो हसून झेलला आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठले. शिरूरकडच्या आसियाभाभी, त्यांची बायको, पदर खोचून मदतीला आल्या. हळूहळू त्या जाड बोटांना कळीची नजाकत कळली. पार्वतीबाईचा आवाज उतरला. हीच तिची शाबासकी.

माघी गणपतीच्या आधी मंडळी दौंडला उतरली. सिंधूबाई उन्हानं काळवंडली होती, डोळे मात्र लकाकत होते. घरी येताच ती पिशवी न ठेवता आधी रानात गेली. एक दांडा मोडलेला नव्हता. एक कळी दांड्यावर सुकलेली नव्हती.

"भाऊ, तुमी सांगितलं तसंच पानी. आन् किनाऱ्यावर नुसती आपलीच मानसं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमी बघितलाय समुद्र?"

"अलीम सांगतो की."

"सांगितल्यालं काय बघनं हाय व्हय? तुमची सावड माझ्यावर हाय. ती फेडल्याबिगर मला घास गोड लागायचा न्हाई."

"फेडनार कुठं? मला रान कुठाय?"

"टेम्पो हाय न्हवं?" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "ह्ये ट्रॅक्टर चालवत्यात."

जालिंदरनं मिशीवर ताव दिला.

पुढच्या पौषात कासुर्डीत जालिंदरनं टेम्पोचा नेहमीचा हॉर्न वाजवला. कुत्र्यांनी मान उचलून पाहिलं आणि पुन्हा अंग टाकलं. तेव्हा सिंधूबाई टेम्पोपुढं उतरून "हाड, हाड" करत वाट काढत होती, आणि तिकडं इनुसभाई आसियाभाभींसोबत बोटीच्या कठड्याशी उभे होते.