सोनं शोधायला सोनं उतरवून

मुंबईच्या काळ्या दगडात सोनं सापडत नाही. म्हणून ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या छोट्या कंपनीची माणसं ते शोधायला भंडाऱ्याकडे जायची. तिथे जमिनीत जुने भ्रंश आहेत, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषा. असल्या भेगांतून खोलवरचं गरम पाणी वर चढतं, निवतं आणि मागे गारगोटीची शीर ठेवून जातं. नशीब असेल तर तिच्यात सोनं. ती रेषा नकाशावर मी आखली होती. दगड फोडायला मात्र पुरुष जाणार होते.

मी साहेबांना कारण विचारलं.

“नमुने घेताना अंगावर सोनं चालत नाही, मॅडम. एक कण घासून पडला की रिपोर्ट खोटा. तुम्ही मंगळसूत्र काढणार आहात का?”

नियम खरा होता. तो फक्त मलाच सांगितला गेला, एवढंच.

“काढेन,” मी म्हणाले.

मुलुंडला घरी आल्यावर सगळं उतरवून सासूबाईंपुढे ठेवलं. त्या मालवणच्या.

“काय गो, सोना शोधूक जातंस नि आंगावरचा सोना काढून ठेयतंस?”

“हो. आणि रडारड नको.”

“रडता कोण? उद्या शेजारीण इचारीत, घोवाक सोडलंस काय म्हणान.”

“सांगा, सोडला नाही, कपाटात ठेवलाय.”

नवरा पेपरामागे हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाट्या आणि सोन्याचे मणी बाजूला काढले, नुसते काळे मणी दोऱ्यात ओवले आणि माझ्या गळ्यात बांधले.

“ह्या तुझ्या दगडाक चलात?”

चालणार होतं. काचच ती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझे कान, गळा, हात पाहिले. मग मी त्यांचा हात पाहिला. ज्योतिषाने दिलेला पुष्कराज, सोन्याच्या अंगठीत.

“आणि ही, साहेब?”

“ही काढता येत नाही. गुरू बिघडतो.”

“मग तुम्ही दगडाला हात लावायचा नाही. नियम आहे.”

संध्याकाळी तिकिटांत माझं एक तिकीट वाढलेलं होतं.

भंडाऱ्याकडे साहेब मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. हातोडा घेऊन भेगेच्या कडेने मी चालले, शीर फोडली, पिशव्या बांधल्या. सोनं किती निघालं, असं लोक अजून विचारतात. फारसं नाही. भेग मात्र मी आखली होती तिथेच होती.