सागवानाची दोन दारं

लग्न होऊन मी हिंगणघाटला आले तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि माझे यजमान कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होते. काही वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर आम्ही स्वतःचं घर बांधलं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या भिंतीत मिस्त्रीनं माझ्या हट्टावरून एक मोठी आलमारी काढली होती, म्हणजे भिंतीतच खोलगट जागा सोडून आत फरशीचे कप्पे बसवले होते. दारं तेवढी व्हायची होती.

देवळीजवळच्या माझ्या माहेरी आईच्या स्वयंपाकघरात आलमारी कधी नव्हतीच. तेल-तूप शिंक्यात, बाकी सगळं मडक्यांत. उंदीर आणि मुंग्यांशी भांडण्यात तिचा जन्म गेला. म्हणून दारं असलेली आलमारी म्हणजे माझ्या लेखी मोठीच गोष्ट होती.

बाबा घर पाहायला आले, सगळीकडून फिरले आणि त्या उघड्या आलमारीसमोर उभे राहिले.

"याची दारं मी देतो," ते म्हणाले. "तुमी मधात पडू नका जवाईबापू. बाई, चाल टालावर. तुले पायजे तसं लाकूड पसंत कर."

बाजाराच्या टोकाला लाकडाचा एक टाल होता, म्हणजे वखार. टालवाले बाबांच्या जुन्या ओळखीचे. बाबा कापसाच्या गाड्या घेऊन हिंगणघाटला येत तेव्हा बैल त्यांच्याच आवारात बांधत. त्यांनी आम्हाला आधी तयार दारं दाखवली, चौकटीत लहान तुकडे बसवलेली, वर वेलबुट्टी कोरलेली. काही निळी रंगवलेली, काही हिरवी. मला एकही आवडेना. कोपऱ्याकोपऱ्यात पीठ अडकेल, तेलकट हाताचा मळ बसेल, हे मला तिथेच दिसत होतं.

"सपाट नाई का?" मी विचारलं. "एका फळीचं? रंग नाई द्यायचा."

टालवाले हसले. "लाकूड तसंच उघडं ठेवाचं? मंग लाकूड चांगलं पायजे बाई. खोट झाकाले रंग नाई ना."

मागच्या छपरीत चांद्याच्या जंगलातून आलेलं सागवान रचलेलं होतं. सगळ्या फळ्या धुळीनं सारख्याच करड्या दिसत होत्या. मी पदराचं टोक माठातल्या पाण्यात भिजवून एकेक फळी पुसायला लागले. ओला हात फिरला की रंग वर यायचा. एक फिकी निघाली, एकीला मधोमध चीर होती, एकीच्या कडेला पांढरं कच्चं लाकूड. बाबा एका ओंडक्यावर बसून शांतपणे पाहत होते, घाई कर म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. शेवटी तळाशी दोन रुंद फळ्या सापडल्या. एकाच खोडातून एकीमागून एक चिरलेल्या. शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्हींवरच्या रेषा समोरासमोर यायच्या, आणि दोन्हींच्या खालच्या बाजूला एकेक काळपट गाठ, जशी दोन भुवयांची जोडी.

"ह्या," मी म्हटलं.

बाबांनी गाठीवर अंगठा फिरवला. "गाठ चालते तुले?"

"तेच तर चांगलं दिसून राह्यलं."

फळ्या आमच्याच गल्लीतल्या सुताराकडे गेल्या. त्यानं रंधा मारून त्या सावलीत उभ्या केल्या. मी एकदा जाऊन जवसाच्या तेलाचं बोट लावून पाहिलं. ताज्या गुळासारखा रंग उमटला. आता बिजागऱ्या लागल्या की झालं, असं सुतार म्हणाला. त्यानंतर तीन-चार दिवस माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं याची मी स्वयंपाक करता करता मांडणी करत असे.

मग एका संध्याकाळी यजमान हातपाय धुवून पाटावर बसले आणि ताटाकडे पाहत म्हणाले, "तुह्या फळ्या गेल्या कामातून. वाकल्या. लाकूड कच्चं होतं म्हने."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. "दोन्ही?"

"दोन्ही. सुतार म्हने, याची दारं बसतच नाई. मी दुसरी सांगतली हायेत."

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडे जायला निघाले, तर यजमान म्हणाले, तो गावाला गेला आहे, मी बोललो त्याच्याशी. मी थांबले. नवऱ्याचं बोलणं खरं की खोटं हे तपासायला जावं, असं तेव्हा मनात येण्याचं काही कारणच नव्हतं. आठवड्याभरात आंब्याच्या लाकडाची दारं आली, वर हिरवा रंग. ती नीट मिटत नसत. उन्हाळ्यात तर फट एवढी पडायची की झुरळ आरामात आत जाई.

खरं दुःख पुढेच होतं. बाबा आले, हिरवी दारं पाहिली, काय झालं ते ऐकलं, आणि पाणीही न पिता तडक टालावर गेले. यजमान त्यांच्यासोबत गेले. तिथे जे झालं ते मला नंतर बाबांनीच सांगितलं. भर बाजारात त्यांनी आपल्या जुन्या मित्राला लबाड म्हटलं. माह्या पोरीले कच्चं लाकूड देल्लं, लाज नाई वाटली, म्हणाले. टालवाले शपथा घेत होते, फळ्या घेऊन या, मला दाखवा, म्हणत होते. बाबा म्हणाले, तुह्या टालाची पायरी नाई चढनार आता. माझे यजमान शेजारी उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत.

संक्रांतीला जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. साहेबांच्या बाई पुण्याकडच्या, स्वभावानं मोकळ्या. वाण लुटून झाल्यावर बाकीच्या बायका निघाल्या, तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला आत नेलं.

"तुम्हाला मुद्दाम दाखवायचं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीतल्या आलमारीला माझी दारं होती. तेल लावलेली, पितळी कडी बसवलेली. रेषा समोरासमोर, आणि खाली त्या दोन गाठी.

"इतकं सुंदर लाकूड, आणि तुम्ही सहज देऊन टाकलंत!" बाई म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, तुम्हाला रंगवलेलीच दारं आवडतात. हे उघडं लाकूड तुम्हाला गावंढळ वाटलं म्हणे. मी ह्यांना म्हटलं, प्रत्येकाची आवड. पण माझं मात्र नशीब उघडलं हो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी एक दार उघडून दाखवलं. ते आवाज न करता उघडलं आणि आवाज न करता मिटलं. माझ्या ओटीतले तीळगूळ आणि बोरं सांभाळत मी घरी आले. वाटेत एका ओळखीच्या बाईनं हाक मारली, तिला मी ओ दिली की नाही, आठवत नाही.

त्याच महिन्यात यजमान हेडक्लार्क झाले होते. मी त्यांना पेढे भरवले होते.

ते आले तेव्हा मी चूल पेटवली नव्हती. "माही दारं पाह्यली आज," मी म्हटलं.

ते बूट काढत होते. तसेच वाकून राहिले.

"साहेबाचं घर दुरुस्त होऊन राह्यलं होतं," मान वर न करता म्हणाले. "सुताराकडे फळ्या पाह्यल्या त्यांनी. लई आवडल्या त्यांले. मागतल्या नाईत, पन मले समजलं. तुले मी दुसरी करून देईन. याच्यापेक्षा चांगली."

"मले विचारलं काऊन नाई?"

"तू देल्ली नसती."

हे मात्र खरं होतं. मी नसतीच दिली. कदाचित दिलीही असती, त्यांच्या नोकरीसाठी. पण ते मला कधी कळणारच नव्हतं.

"अन् गावंढळ कोनाले वाटलं? मले? माह्या तोंडी काऊन घातलं?"

"काहीतरी सांगा लागते ना," ते म्हणाले.

"अन् बाबा? बाबा भांडत होते तवा तुमी तिथंच उभे होते."

त्यांनी बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. मी म्हटलं, तुम्ही देवळीला जाऊन त्यांना खरं सांगा. ते म्हणाले, सासऱ्यासमोर माझी काय इज्जत राहील? जाऊ दे, झालं गेलं. त्यांच्या आवाजात चीड आली होती, जणू मीच काही मोडलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी एकटी माहेरी गेले. बाबा शेतात कापूस वेचणाऱ्या बायांजवळ होते. बांधावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "लाकूड वाकलं नव्हतं?"

"नाई बाबा. एकदम सरळ हाय अजून."

 ते उठले, बायांना काम नेमून दिलं आणि माझ्यासोबतच परत निघाले. हिंगणघाटला उतरल्यावर मला वाटलं, ते घरी येऊन जावयाला जाब विचारतील. ते सरळ टालावर गेले. टालवाले गिऱ्हाइकाला फळ्या मोजून देत होते. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि चार माणसांदेखत हात जोडले.

"तुह्यं लाकूड खरं होतं," ते म्हणाले. "मीच तुले लबाड म्हनलं. माफी दे."

"झालं काय पन?" टालवाले गोंधळून म्हणाले.

"ते नको विचारू."

टालवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरंच विचारलं नाही. खाट टाकली, चहा सांगितला. दोघे म्हातारे कापसाच्या भावावर बोलत बसले. पण बोलणं मधेच तुटायचं. पहिल्यासारखी जवळीक पुन्हा आली नाही, ती नाहीच.

बाबा आमच्या घरी मग दिवाळीला, लेकरांच्या बारशाला आले. जावयाशी नीट बोलले. फक्त जेवायला कधी थांबले नाहीत. गाडी चुकेल, म्हणायचे.

आणि मी? संसार केला. यजमान वाईट माणूस नव्हते. मुलांना मारलं नाही, दारू प्यायले नाहीत, माझ्या आजारपणात पाणी भरलं. पण दुकान बंद आहे असं ते म्हणाले, तर मी हो म्हणायचे आणि काही निमित्तानं स्वतः जाऊन पाहून यायचे. मुलाला शाळेत घेत नाहीत म्हणाले, तर मी हेडमास्तरांना भेटून आले. बहुतेक वेळा ते खरंच बोलत असत. तरी मी जातच राहिले, आणि मी जाते हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दुखण्यात ते दवाखान्यात होते. डॉक्टर येऊन गेल्यावर मला म्हणाले, "चार दिवसांत सोडतो म्हनते डॉक्टर." मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि डॉक्टरांना विचारून आले. तेही चार दिवसच म्हणाले. परत आले तर ते दाराकडेच पाहत होते.

"विचारून आली?"

"हो."

"काय म्हनते?"

"तेच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला. ते दोन घोट प्याले.