गौरीच्या पानातली आंबील

लवळ्याच्या एका कॉलेजात मी प्राचीन संस्कृतींचा इतिहास शिकवते. दरवर्षी गणपतीच्या सुमारास वर्गात तोच वाद पेटतो: ग्रीकांनी सगळं स्वतः घडवलं की बाहेरून उचललं? अर्ध्या वर्गाला ग्रीक स्वयंभू वाटतात, उरलेल्यांना कॉपीबहाद्दर. मी दोघांनाही झोडते. अक्षरं त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली, पण त्यांत स्वर घातले ते स्वतः. एक पाय पुढे टाकून ताठ उभे राहणारे दगडी पुतळे ते इजिप्तकडून शिकले आणि पुढे त्या दगडात जीव आणला. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅम, पण ज्यांचं घेतलं त्यांचं नाव कोण घेतं?" मी म्हटलं, "म्हणून तर आपण वाद घालतो." उत्तर झकास जमलं, म्हणून मी खूश होते.

त्याच आठवड्यात गौरी आल्या. मी विदर्भातली. आमच्याकडे त्यांना महालक्ष्म्या म्हणतात आणि ज्वारीच्या आंबिलीशिवाय त्यांचा नैवेद्य पुरा होत नाही. लग्नानंतर इथे मुळशीत पहिल्याच वर्षी मी आंबिलीचं नाव काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात न्हाई तसलं." भाताच्या मुलखात ज्वारीचं कौतुक कुणाला! पण माझी आई गेली त्या वर्षी मी कुणाला न विचारता आंबील केली. वाटी पानाबाहेर राहिली. पुढच्या वर्षी ती पानाच्या कडेला आली. मग कधीतरी सासूबाईच ज्वारी दळून आणायची आठवण करून देऊ लागल्या. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

यंदा शेजारची नवी सून गौरी बघायला आली. पानाकडे बघून तिनं विचारलं, "ही कसली खीर?"

सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "आंबील हाय. आमच्यात पयल्यापासून असती."

माझं डोकंच फिरलं. या घरात माझ्या आईचं म्हणून तेवढंच होतं, तेही यांनी आपल्या नावावर केलं. मी त्या सुनेदेखत सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आंबील माझ्या आईची आहे. तुमच्यात नव्हती."

वाढता वाढता त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "मग? तुजी आई काय परकी व्हती व्हय?"

माझे डोळे भरले, ते लपवायला मी स्वयंपाकघरात गेले. बाहेर सासूबाई त्या सुनेला नीट समजावून सांगत होत्या, "पीठ आदल्या राती ताकात भिजवायचं. हिच्या आईची रीत हाय."