खंडेनवमीला मांडलेला चाप

झेंडूच्या वासात बंदुकीच्या तेलाचा वास मिसळला, की बेळगावच्या कॅम्पातले बंदूक दुरुस्त करणारे अण्णा आठवतात. हातातली बंदूक पडून बार उडाला आणि त्यांचा भाऊ गेला, म्हणून पडली तरी उडणार नाही असा चाप त्यांनी घडवला. पेटंटच्या अर्जाची इंग्रजी पत्रं मी लिहायचो. कलकत्त्याच्या कचेरीनं विचारलं, अर्जाआधी हा चाप लोकांत दाखवला होता का? दाखवलेल्या वस्तूला पेटंट मिळत नसे, आणि खंडेनवमीच्या हत्यारांच्या पूजेत तर तो सगळ्या गल्लीनं पाहिलेला. "नाही म्हणून लिहितो," मी पेन उचलत म्हणालो. "देवाम्होरं मांडलेलं झाकायचं व्हय, मास्तर?" अण्णा म्हणाले, " खरं हाय तेच लिवा." मी लिहिलं, अर्ज नामंजूर झाला. आजही खंडेनवमीला तेच पेन मी पूजेत मांडतो, आणि ते आधी कशासाठी उचललं होतं, हे देवाला ठाऊक असतं.