येळवशीचा लाल दिवा

महांतेशअप्पांना गावात कुणी रिकाम्या हातानं चालताना पाहिलेलं नाही. खांद्यावर काळ्या तारेचं वेटोळं, खिशात टेस्टर आणि तोंडात सल्ला. सल्ला फुकटचा, त्यामुळं नगरपालिकेत त्याला किंमत नव्हती.

वीस वर्षं त्यांनी गच्च्यांवरून टीव्हीच्या केबली ओढल्या. वानरं त्या तोडायची, वारा तोडायचा, आणि उरलेल्या केबली लग्नाचे मांडव घालणारे तोडायचे. म्हणून गल्लीत पाण्याच्या नळासाठी रस्ता खणायचं ठरलं, तेव्हा अप्पांनी पालिकेचे उंबरे झिजवले. "साहेब, खणायचं तर एकदाच खणा. नळाच्या शेजारी एक रिकामा पाईप टाकून ठेवा. उद्या इंटरनेटची तार त्यातनं ओढता येती, रस्ता परत फोडाय लागत न्हाय." साहेबांना पटलं. साहेबांना सगळंच पटायचं. अर्ज मात्र तीनदा द्यावा लागला. शेवटी एका गल्लीपुरती परवानगी मिळाली. अप्पांनी घरोघर फिरून लोकांना राजी केलं, स्वतः चरात उतरून पाईप सरळ केला, आणि आठ महिन्यांत बासष्ट घरांत अशी लाईन आली की कळंबचे पाहुणेसुद्धा मोबाईल काढून वेग मोजायला लागले.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एकीसाठी होता. शिवानी, त्यांची एकुलती एक लेक. बायको शरणम्मा गेल्यापासून घरात ही दोघंच. पुण्याच्या कंपनीत, चौघींच्या खोलीत राहून शिवानी दोन वर्षांत निम्मी झाली होती. कंपनीनं तिला घरून काम करू दिलं ते एकाच अटीवर, काम अडता कामा नये. दोनदा वीज गेली, काम अडलं, आणि वरून ताकीद आली: तिसऱ्यांदा झालं तर पुण्याला परत या. अप्पांनी इन्व्हर्टर बसवला आणि निर्धास्त झाले. जमिनीतली तार कोण तोडतंय?

पाईप कुठून कसा गेलाय, त्या नकाशाचं तेवढं राहिलं. पालिकेनं मागितला होता. "नकाशा माझ्या डोक्यात हाय," म्हणत अप्पांनी घरांच्या जोत्यांवर निळ्या रंगाचे बाण काढले. मग दसरा आला. दसऱ्याला घर न रंगवता ठेवील असा माणूस त्या गल्लीत नाही. बाण चुन्याखाली गेले. वळणावरचा बाण तर अप्पांच्याच जोत्यावर होता. त्यावर त्यांनी स्वतः दोन हात मारले.

हिवाळ्यात गटारीचं काम निघालं. ठेकेदाराचा सुपरवायझर लांबच्या मुलखातला, पण रीतीचा माणूस. आदल्या दिवशी त्यानं फोन केला, "उद्या तुमच्या गल्लीत खोदू का?"

अप्पा हसले. "उद्या येळवस हाय, साहेब. उद्या गावात चिटपाखरू नसतंय."

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला, इकडं सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतं आणि दिसेल त्याला भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील जेवायला ओढून नेतं. त्या दिवशी कुणी कामाला हात लावेल, हे अप्पांच्या स्वप्नातही आलं नसतं. सुपरवायझरनं मात्र सरळ हिशोब केला: गाड्या नाहीत, गर्दी नाही, भांडायला माणूस नाही. याहून बरा दिवस कुठला?

शिवानी कामामुळं घरी थांबली. "तुम्ही जावा, अप्पा. मला भज्जी आणि उंडे तेवढे बांधून आणा." अप्पा माकणीच्या रस्त्याला त्यांचा मित्र हणमंतप्पाच्या रानात गेले. अंबिलीची दुसरी वाटी हातात असताना फोन वाजला.

"अप्पा, इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा लागलाय. आन् बाहेर जेसीबीचा आवाज येतोय."

अप्पा आले तेव्हा तार नुसती तुटलेली नव्हती. जेसीबीनं ती बकेटात अडकवून वीस हात ओढली होती. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, गाव रिकामं असतं. खुणा शोधल्या, दिसल्या नाहीत." अप्पांनी आपल्या पांढऱ्या जोत्याकडं पाहिलं. भांडणार कुणाशी? बोलणं आपलं, चुनाही आपलाच.

तार जोडायचं यंत्र लातूरच्या शांतलिंगकडं. चौथ्या फोनला त्यानं उचललं. मागं पंगतीचा गलका होता.

"अप्पा, येळवस हाय की. म्या रानात हाय, यंत्र दुकानात कुलपात. किल्ली भावाकडं, त्यो निलंग्याकडल्या रानात. उद्या सकाळी निघतो."

"पोरीची नोकरी हाय रं."

"व्हय, पण काय करू, तुम्हीच सांगा."

अप्पांना त्याचा राग येईना. आज त्यांना कुणी बोलावलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. ते चराच्या काठावर बसून राहिले. सगळ्या गावाला घरोघर तार पोचवणारा माणूस, आणि आज त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

शिवानीनं मोबाईलच्या नेटवर झटापट करून पाहिली. तिचं अर्धंच बोलणं पलीकडं पोचत होतं. पाच वाजता निरोप आला, सोमवारपासून पुण्यात हजर व्हा. तिनं तो साध्या आवाजात वाचून दाखवला. मग म्हणाली, "भज्जी आणली का?"

अप्पा डबा रानातच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शांतलिंगनं तार जोडली. दिवा हिरवा झाला. गल्लीतली कमलबाई म्हणाली, "अप्पा, तुमी हाव म्हणून एका दिवसात झालं." अप्पांनी मान हलवली. आत शिवानी बॅग भरत होती. रविवारी त्यांनी तिला एसटीत बसवलं.

आता रोज संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करते. लाईन बासष्ट घरांत कुठं नाही इतकी खणखणीत. तिच्यामागच्या चार खाटा दिसतात, दोरीवरचे ओले कपडे दिसतात, डोळ्यांखालचं काळंही दिसतं. "मी बरी हाय, अप्पा," ती म्हणते. एकदा तरी चित्र अडकावं, असं अप्पांना फार वाटतं. ते अडकत नाही.