पाणी उंबऱ्याला टेकेपर्यंत

ग्रेगरी सर मला आधी फोनवर भेटले आणि प्रत्यक्ष नंतर. लग्न होऊन मी मुलुंडहून अंधेरीच्या गावठाणात आले, तेव्हा सासूबाईंनी मला न विचारताच माझं नाव चर्चच्या गायनवृंदात घालून टाकलं. स्वरलिपीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या सरावाला जायच्या आधीच एका अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला. पाच रेघांवरचे स्वर उजवीकडून डावीकडे सरकत होते, मध्ये एक उभी लाल रेघ होती, आणि जो स्वर त्या रेघेशी येई तो ऐकू येई. मला गायची ती ओळ मोठ्याने, बाकीच्या हळू. खाली लिहिलं होतं, "भांडी घासताना लावा. वाचता आपोआप येईल. ग्रेगरी." आणि खरोखरच मी भांडी घासता घासता स्वर वाचायला शिकले.

आमचा गायनवृंद चालवणारे सर आयुष्यभर शाळेत संगीत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर माणसं हिमालयात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर जातात. सरांनी स्वरलिपीचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. एकेक स्वर टाकायचा, पानं मोडून सगळं गाणं एका लांबच लांब पट्टीवर आणायचं, मग ती पट्टी आवाजाच्या वेगाने सरकवायची. वेग थोडा जरी चुकला तरी शेवटाला पोचेपर्यंत स्वर आणि आवाज यांची फारकत झालेली असते. सर मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. संगणकातून जो 'आऽ आऽ' असा माणसासारखा आवाज येतो, त्याला ते 'आमचा दात काढलेला गायक' म्हणतात आणि शक्यतो त्याच्या जागी स्वतः गातात.

हे सगळं ते कोणासाठी करतात, हेही सांगायला हवं. आमच्या वृंदातल्या जोसेफकाकांचा फोन पडून त्याचा खालचा अर्धा पडदा काळा झाला होता. नवा फोन घ्यायला काका तयार नव्हते, कारण त्यांच्या मते फोन वाजत होता म्हणजे चांगला होता. सरांनी वाद घातला नाही. काकांसाठी प्रत्येक गाण्याचा वेगळा व्हिडिओ केला, त्यात स्वर फक्त वरच्या अर्ध्या भागात सरकत. काकांना अजूनही वाटतं की सगळ्यांचे व्हिडिओ तसेच असतात.

पण सरांचा खरा मोठेपणा मला कळला तो त्यांच्या एका चुकीतून. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि घागर भरून पाणी घरी आणतात. त्या वाटेवर म्हणायचं गाणं गावठाणात एकट्या रोझमावशींना येत होतं. त्यांचे गुडघे गेले होते, आवाजही विरत चालला होता. आपल्यामागे लग्नघरात मुक्यानेच पाणी येणार, ही गोष्ट मावशींच्या जिवाला लागली होती. ते ऐकून सर लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओटीवर जाऊन बसू लागले.

मावशी खुर्चीत बसून गायच्या. प्रत्येक कडवं त्या वेगळं लांबवायच्या आणि सॉफ्टवेअरला ताल मोजून हवा असायचा, त्यामुळे सरांचे हाल झाले. शेवटी मावशींनी म्हटलेली चार कडवी त्यांनी जशीच्या तशी उतरवली आणि व्हिडिओ केला. आम्ही गावठाणातल्या सुना आणि मुली तो पाहून गाणं शिकलो. मावशींची नात शार्लेट हिच्या लग्नात ते म्हणायचं ठरलं.

विहीर आता एका टॉवरच्या पार्किंगला लागून आहे, परतताना भिंतीला वळसा घालावा लागतो. आम्ही चार कडवी अगदी व्हिडिओसारखी म्हटली आणि व्हिडिओ संपतो तिथे सगळ्याजणी एकदम थांबलो. घागर अजून अर्ध्या वाटेत होती. पुढचं काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून उरलेली वाट आम्ही खाली मान घालून चाललो. दारात खुर्चीवर बसलेल्या मावशींना ती शांतता ऐकू आली. त्यांनी स्वतः सूर लावून पाहिला, पण दुसऱ्या ओळीलाच आवाज चिरकला.

"पानी अजून वाटेत हाय नि गाना सरला कसा?" आम्ही मांडवाशी पोचताच त्यांनी विचारलं.

आमच्यात कोणी काही बोलायच्या आत सर पुढे झाले. सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "पोरींची चूक नाही मावशी, माझी आहे. तुमचा श्वास जेवढा पुरला तेवढंच गाणं मी धरलं."

मग मावशींनी त्यांना समजावलं. गाण्याची चाल तेवढी ठरलेली असते, शब्द नाहीत. पाणी उंबऱ्याला टेकेपर्यंत गायचं. कडव्यात घरातल्या माणसांची नावं घ्यायची, ती संपली की शेजाऱ्यांची, मग जी माणसं आता नाहीत त्यांची.

सरांनी तो व्हिडिओ त्याच आठवड्यात काढून टाकला. आणखी दहा कडवी लिहून द्या, असं आम्ही सुचवलं, तर म्हणाले, "दहा लिहिली तर अकरावं तुम्ही कधीच करणार नाही." नव्या व्हिडिओत पहिल्या कडव्याखाली शब्द आहेत, पुढे नुसते स्वर सरकतात आणि त्यांच्याखालची जागा कोरी आहे. शेवट पुन्हा सुरुवातीला असा जोडलाय की गाणं कुठे संपलं ते कळत नाही. तो सांधा जमवायला सरांना अख्खा पावसाळा लागला.

नाताळानंतर माझ्या धाकट्या दिरांचं लग्न झालं. या वेळी तोंड उघडायचं नाही, असं मावशींनी ठरवलं होतं. आम्ही घागर घेऊन निघालो. घरातली नावं झाली, शेजारची झाली, टॉवरच्या वळणावर जोसेफकाकांच्या दिवंगत बायकोचंही झालं. पुढे कोणाचं नाव घ्यायचं ते मला सुचेना. तेवढ्यात शार्लेटने, जिच्या लग्नात गाणं तुटलं होतं तिनेच, पुढच्या कडव्यात ग्रेगरी सरांचं नाव घातलं. सर कडेने फोनवर आमचं चित्रण करत चालले होते. त्यांचा हात खाली आला, त्यामुळे पुढच्या चित्रणात नुसत्या चपला दिसतात. गाणं मात्र त्यात सबंध आहे, घागर उंबऱ्याला टेकते तिथपर्यंत.

मावशींनी सरांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, "ग्रेगरी, आता मी मेली तरी पानी गात येल."

सर तेव्हा रडले, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. या माणसाच्या हाताखाली मला शिकायला मिळालं याचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

सर, तुमच्या पंच्याहत्तरीला आम्हा सर्वांचं एवढंच मागणं आहे की प्रकृती सांभाळा, डोळे तपासून घ्या आणि पुष्कळ वर्षं आमच्यात राहा. गावठाणात लग्नाची मुलं-मुली अजून भरपूर आहेत. तुमचं नाव आम्ही जिवंत माणसांतच घेणार आहोत, आणि त्या कडव्याला जागा मिळावी म्हणून विहिरीवरून परतताना दर वेळी लांबच्या वाटेने येऊ.